'कॉनन द बार्बेरियन' (१९८२): बलस्थाने, उणिवा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही वीस-पंचवीस जणांनी हा चित्रपट पाहिला. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की संवाद ऐकू येतील की नाही अशी शंका होती. पण या चित्रपटात संवादच इतके थोडे आहेत की फारसे काही बिघडले नाही. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर या भागांतून त्याविषयी प्रश्न येत राहिले. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पहिले पाच प्रश्न निर्धास्त वाचावेत. सहाव्यापासून पुढे कथेतील मृत्यू आणि शेवट उघड झाले आहेत.

१. हा चित्रपट नेमका कोणता आणि त्याची गोष्ट काय आहे?

जॉन मिलियस यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकी चित्रपट मे १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथा मिलियस आणि ऑलिव्हर स्टोन या दोघांची आहे, चित्रीकरण १९८१ मध्ये स्पेनमध्ये झाले आणि मुख्य भूमिका अर्नोल्ड श्वार्झेनेगर यांची आहे. गोष्ट तशी साधी सूडकथा आहे. एका लोहाराच्या मुलाचे गाव घोडेस्वारांची टोळी जाळते, आईवडिलांना मारते, वडिलांनी घडवलेली तलवार पळवून नेते आणि मुलाला गुलाम करते. मुलगा मोठा होतो, झुंजींच्या रिंगणात नाव कमावतो, सुटतो आणि दोन साथीदारांसह त्या टोळीच्या म्होरक्याला शोधत निघतो. दरम्यान तो म्होरक्या नागपूजकांच्या एका मोठ्या पंथाचा गुरू होऊन बसलेला असतो.

२. 'तलवार आणि चेटूक' हा प्रकार म्हणजे आपल्या चांदोबातल्या गोष्टींसारखाच ना?

काही अंशी. राक्षस, चेटकिणी, शापित मनोरे आणि अंधारी तळघरे दोन्हीकडे आहेत. फरक नायकात आहे. आपल्या अद्भुतकथेतील राजपुत्राच्या मागे सहसा पुण्याई, गुरू किंवा वरदान असते. इथल्या नायकाला जादूचा तिटकारा असतो, त्याला जग वाचवायचे नसते आणि त्याचा भरवसा आपल्या मनगटावर असतो. या प्रकाराला 'तलवार आणि चेटूक' असे नाव अमेरिकी लेखक फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ मध्ये सुचवले. कथा मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्यासाठी प्रश्न १० पाहावा.

३. माझे इंग्रजी बेताचे आहे. चित्रपट समजेल का?

समजेल, आणि हेच त्याचे पहिले बलस्थान आहे. चित्रपटाचा पहिला मोठा भाग जवळजवळ मूकपटासारखा चालतो. नायक पहिला शब्द उच्चारेपर्यंत वीस मिनिटांच्या आसपास वेळ गेलेला असतो आणि तोवर त्याचे बालपण, गुलामी आणि झुंजी हे सारे चेहऱ्यांतून, बर्फातून, घोड्यांच्या टापांतून आणि संगीतातून सांगून झालेले असते. मधूनमधून एक म्हातारा निवेदक बोलतो, पण त्याचे बोलणे सुटले तरी कथेचा धागा सुटत नाही. आमच्या बैठकीत एक आजी होत्या, ज्यांना मराठी आणि कानडी सोडून तिसरी भाषा येत नाही. मध्यंतरापर्यंत त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. मध्यंतरानंतर विचारले, कारण तिथून पात्रे बोलू लागतात आणि चित्रपट थोडा उतरतो.

४. संगीताचे एवढे कौतुक का होते?

कारण या चित्रपटाचे अर्धे काम संगीत करते. संगीतकार बेसिल पोलेदूरिस यांनी मोठा वाद्यवृंद आणि लॅटिन शब्द गाणारा समूह वापरला आणि चित्रपटाच्या लांबीतला फार मोठा भाग संगीताने व्यापला. सुरुवातीला नगाऱ्यांचा ठेका आणि त्यावर शिंगांचा घोष सुरू होतो, तेव्हा पडद्यावर केवळ लोहार काम करत असतो, पण ऐकणाऱ्याला काहीतरी पुरातन सुरू झाल्याची खात्री पटते. कुस्तीच्या मैदानावर जोड लागण्याआधी हलगी कडाडू लागते आणि कुस्ती न समजणारा माणूसही सरसावून बसतो, त्या जातीचा हा परिणाम आहे. गावावरील हल्ल्याच्या प्रसंगात समूहगान आणि घोडदौड अशी एकजीव झाली आहे की दोन्ही एकाच कारागिराने केली असावीत असे वाटते.

गैरसोय अशी की एवढे भव्य संगीत त्या वेळी एकाच वाहिनीच्या ध्वनीत प्रदर्शित झाले. आमच्याकडची प्रत त्याच जुन्या ध्वनीची असल्यामुळे मध्येच एक स्पीकर बंद पडला तरी कोणाच्या लक्षात आले नाही! पुढे निघालेल्या काही आवृत्त्यांत ध्वनी बहुवाहिनी करून दिला आहे. पर्याय असेल तर तो निवडावा.

५. नायकाला अभिनय येत नाही असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. श्वार्झेनेगर जन्माने ऑस्ट्रियाचे. १९७० ते १९७५ सलग सहा वेळा आणि पुन्हा १९८० मध्ये, असा एकूण सात वेळा त्यांनी 'मिस्टर ऑलिम्पिया' हा शरीरसौष्ठवाचा किताब मिळवला. इंग्रजी त्यांच्या जिभेवर जड आहे आणि लांब वाक्य आले की ते पाठ केल्यासारखे ऐकू येते. परंतु दिग्दर्शकाने ही उणीव ओळखून नायकाला बोलके केलेच नाही. लहानपणापासून साखळीत वाढलेला माणूस अडखळत बोलणार, जगाकडे बावरून पाहणार, हे त्यांच्या चेहऱ्याला शोभते. सुटका झाल्यावर तो मोकळ्या माळावर धावत सुटतो तेव्हा त्याच्या धावण्यातही आपण कुठे जायचे हे ठाऊक नसल्याचा भाव आहे. प्रेमाच्या आणि विनोदाच्या प्रसंगांत मात्र ही पुण्याई पुरत नाही. दारूच्या नशेतला प्रसंग माझ्या मते चित्रपटात नसता तरी चालले असते.

६. खलनायक एवढा प्रभावी का वाटतो? तो तर फारसा लढतच नाही.

तो लढत नाही म्हणूनच प्रभावी वाटतो. थल्सा डूमची भूमिका जेम्स अर्ल जोन्स यांनी केली आहे. त्यांच्या खर्जातल्या आवाजाची ख्याती त्याआधीच पसरली होती, आणि तरीही या चित्रपटात त्यांचा सर्वोत्तम प्रसंग एकही शब्द न बोलता पार पडतो.

गाव जळून गेले आहे. बर्फात आई तलवार उगारून उभी आहे आणि तिचा दुसरा हात मुलाच्या हातात आहे. डूम घोड्यावरून उतरतो, शिरस्त्राण काढतो आणि तिच्याकडे नुसता पाहत राहतो. त्या नजरेत राग नाही, घाई नाही. जवळजवळ कौतुक आहे. तिचे हात सैल पडतात, तलवार खाली येते. तो वळतो, जणू आता निघालाच, आणि त्याच वळणात त्याची तलवार फिरते. घाव आपल्याला नीट दाखवलाच जात नाही. दिसतो तो मुलगा, जो आपल्या हातातून निसटलेल्या हाताच्या जागेकडे पाहत आहे. सारा चित्रपट विसरला तरी ही रिकामी मूठ विसरत नाही.

पुढे मात्र पटकथेने या पात्रावर अन्याय केला आहे. पांढऱ्या वस्त्रांतली फुले वाहणारी तरुण मंडळी आणि त्यांचा पंथ यांत १९६०-७० च्या दशकांतील हिप्पींची टिंगल इतकी उघड आहे की त्या प्राचीन जगाचा भ्रम विरतो. शेवटी डूम नायकालाच, तुझा खरा पिता मी आहे, अशा अर्थाचे सांगू लागतो, नायकाची नजर क्षणभर आईसारखीच सैल पडते आणि मग तो सावरतो. दोन प्रसंगांचा हा सांधा सुंदर आहे. परंतु त्यानंतर सारे इतक्या लवकर आटोपते की प्रतिस्पर्ध्याच्या तोलाचा निरोप त्याला मिळत नाही.

७. 'पोलादाचे कोडे' म्हणजे काय? त्याचे उत्तर चित्रपटात आहे का?

आरंभी वडील मुलाला सांगतात की माणूस, बाई, जनावर यांपैकी कोणावरही भरवसा ठेवू नकोस, पोलादावर ठेव. पुढे डूम त्याला उलट शिकवतो: पोलादापेक्षा मांस बलवान, कारण तलवार उचलणारा हात आणि त्या हाताला आज्ञा देणारी इच्छा नसेल तर तलवार व्यर्थ आहे. हे पटवून देण्यासाठी तो कड्यावर उभ्या असलेल्या एका शिष्येला नुसती हाक मारतो आणि ती उडी टाकते.

उत्तर कोणी बोलून दाखवत नाही. मला ते वडिलांच्या तलवारीच्या अवस्थेत दिसते. शेवटच्या लढाईत ती तलवार शत्रूच्या हातात असते आणि नायकाच्या घावाने तुटते. पुढे त्याच तुटक्या पात्याने तो डूमचा शिरच्छेद करतो. म्हणजे निव्वळ पोलादही अपुरे ठरले आणि निव्वळ गुरुवचनही. काही वाचकांनी हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे असे कळवले. असेलही, परंतु तुटकी तलवार कॅमेऱ्याने इतक्या आस्थेने उगाच दाखवली नसावी.

८. मी उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो. तलवार अशी साच्यात ओतून बनते का हो?

हा प्रश्न बेळगावकरांकडूनच यावा हे साहजिक आहे. तुमची शंका रास्त आहे: बनत नाही. चित्रपटाच्या नामावलीत लोहार वितळलेले पोलाद उघड्या साच्यात ओततो, मग ते ऐरणीवर ठोकतो आणि शेवटी तापलेले पाते बर्फात खुपसतो. दिसायला हे अप्रतिम आहे. कारागिरी म्हणून यात निदान दोन चुका आहेत.

पहिली चूक ओतकामाची. कांस्ययुगातील तलवारी साच्यात ओतत असत, कारण कांसे कमी तापमानाला वितळते. पोलादाला सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते आणि साध्या भात्याच्या भट्टीत ते तसे पातळ होत नाही. जुने लोहार लोखंडाचा तापलेला गोळा ठोकून, मळी काढून, पाते वाढवत असत. पोलाद खरोखर वितळवण्याची विद्या आपल्याच दक्षिण भारतात होती. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कोळसायुक्त पदार्थ घालून ते तयार होई आणि जगभर 'वूट्झ' नावाने विकले जाई. हे नाव कानडीतील पोलादवाचक 'उक्कु' या शब्दावरून आले असावे असे मानले जाते. पण तिथेही मुशीतून निघत असे ती छोटी वडी, आणि त्या वडीची तलवार ऐरणीवरच घडे.

दुसरी चूक पाणी देण्याची. तापलेले पाते बर्फात घातले की भोवती वाफेची पोकळी तयार होते आणि उष्णता असमान निघते. पाते कुठे कठीण, कुठे मऊ राहण्याचा किंवा वाकण्याचा धोका असतो. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी साध्या विळ्याला पाणी देतानाही रंग उतरण्याची वाट कशी पाहतात आणि टोकच आधी का बुडवतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रसंग खटकेल.

तरीही हा प्रसंग मी उणिवांत धरत नाही. चित्रपटातील तलवारींचे आरेखन रॉन कॉब यांचे आणि घडवणारे हात जोडी सॅमसन यांचे होते. त्या पडद्यावर वजनदार दिसतात आणि पात्रे त्या वजनासह वावरतात. प्रक्रिया चुकली, परंतु वस्तूविषयीचा आदर खरा आहे.

९. चाक फिरवून एवढे शरीर होते का? आमच्या तालमीत यावर भांडण झाले.

भांडण मिटवण्यापुरते सांगतो: होत नाही. चित्रपटात मुलांना एका अजस्र चाकाच्या दांड्यांना जुंपले जाते. ऋतू बदलतात, बाकीचे गळतात आणि अखेर एकटा नायक ते चाक ओढताना दिसतो. आपल्याकडील चुन्याची घाणी किंवा गुऱ्हाळावरचा जुना चरक डोळ्यांपुढे आणावा, बैलाच्या जागी माणूस. एकाच दिशेने, एकाच पवित्र्यात वर्षानुवर्षे ढकलल्याने पाय आणि कंबर बळकट होईल, पण असा समतोल देह घडणार नाही. शिवाय कोणताही वस्ताद पहिला प्रश्न खुराकाचा विचारेल. दूध, तूप, बदाम तर सोडाच, गुलामांना पोटभर भाकरी तरी कोण घालत होते?

परंतु तो प्रसंग व्यायामाचा धडा म्हणून घेऊ नये. एका माणसाचे बालपण काही क्षणांत, एकही संवाद न वापरता संपवण्याची ती युक्ती आहे आणि युक्ती म्हणून ती चोख आहे.

१०. मूळ कथांशी चित्रपट प्रामाणिक आहे का?

नाही. मूळ कॉनन टेक्ससमधील लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड यांनी निर्माण केला. पहिली कथा १९३२ च्या डिसेंबरमध्ये 'वीअर्ड टेल्स' या मासिकात आली आणि १९३६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, हॉवर्ड यांनी आत्महत्या केली. त्यांचा कॉनन बालपणी गुलाम नव्हता, त्याच्या आयुष्याला सूडाचे सूत्र नव्हते; तो चपळ, हजरजबाबी, अनेक भाषा बोलणारा आणि बराच हसणारा होता. थल्सा डूम हे पात्र तर हॉवर्ड यांच्या दुसऱ्याच नायकाच्या कथेतून उचलले आहे.

नायकाला झाडावर खिळल्यावर तो चोच मारायला आलेल्या गिधाडालाच दातांनी पकडतो, हा प्रसंग मात्र थेट हॉवर्ड यांच्या एका कथेतला आहे आणि तो पडद्यावरही तितकाच अंगावर येतो. मूळ कथांच्या चाहत्यांची तक्रार मला मान्य आहे. पण चित्रपटाच्या गांभीर्याला हसरा, बडबडा कॉनन मानवला नसता.

११. स्त्रियांच्या बाबतीत चित्रपट जुनाट आहे, असे माझी मुलगी म्हणते. आपले मत काय?

तिचे म्हणणे बरोबर आहे, एक अपवाद वगळता. बहुतेक स्त्रिया येथे भोगवस्तू, चेटकीण किंवा सोडवून आणायची राजकन्या म्हणून येतात. अपवाद नायकाची साथीदार वलेरिया हिचा. ही भूमिका सँडल बर्गमन यांनी केली. त्या मूळच्या नर्तकी, आणि म्हणूनच या चित्रपटातील सर्वांत डौलदार तलवारबाजी त्यांची आहे, नायकाची नव्हे. मरणाच्या दारातून नायकाला परत आणण्यासाठी ती भुताखेतांशी झगडते आणि देवांना त्याची किंमत देण्याचे कबूल करते. इतके करूनही पटकथा तिला नायकाच्या सूडाचे आणखी एक कारण म्हणून मारते, हा दोष उरतोच.

१२. मधला भाग रेंगाळतो असे मलाच वाटले का?

आपल्याला एकट्यालाच नाही. पहिला अर्धा तास आणि दगडी टेकाडांवरील अखेरची लढाई यांच्यामध्ये कथा बऱ्याचदा केवळ चालत राहते. मनोऱ्यातला प्रचंड यांत्रिक साप आजही चालून जातो, कारण तो खरोखर तिथे आहे आणि नटांच्या अंगाला भिडतो. डूमचे सापात होणारे रूपांतर मात्र तेव्हाही हास्यास्पद वाटले असावे. मॅक्स फॉन सिडो यांच्यासारखा थोर नट एकाच प्रसंगापुरता राजा होऊन येतो आणि त्या काही मिनिटांत बाकीच्यांच्या अभिनयाचे माप काढून जातो. तो गेल्यावर ती उणीव अधिकच जाणवते.

१३. मुलांना दाखवावा का?

लहान मुलांना दाखवू नये. हिंसा आणि नग्नता दोन्ही आहेत आणि अमेरिकेतही त्याला प्रौढांसोबतच पाहण्याचे प्रमाणपत्र होते. घोडे पाडण्याची दृश्येही मोठ्यांनाही त्रासदायक वाटतात. प्राण्यांशी क्रूर वागून घेतलेल्या चित्रणाला मनाई करणारा १९३७ चा कायदा ब्रिटनमध्ये आहे आणि त्यामुळे तेथील काही आवृत्त्यांत ती कापली गेली. १९८४ चा दुसरा भाग मुलांना चालेल असा मवाळ केला होता, पण तो मवाळपणाच त्याला नडला.

१४. हा चित्रपट बळाची पूजा करतो, फॅसिस्ट आहे, ही टीका योग्य आहे का?

ही टीका प्रदर्शनाच्या काळापासून होत आली आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चित्रपट जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांच्या वचनाने सुरू होतो, बलवानाने जिंकावे हेच त्याचे जग आहे, आणि एका गोऱ्या, पिळदार नायकाने एका कृष्णवर्णीय माणसाचे शिर कापून पायऱ्यांवरून घरंगळत टाकावे हे दृश्य आज निरागसपणे पाहता येत नाही. दुसरी बाजू एवढीच की त्या पात्राला चित्रपटातील सर्वाधिक बुद्धी आणि सर्वांत चांगला नट मिळाला आहे, तसेच नायकाचे जवळचे मित्र भिन्न वंशांचे आहेत. शिष्येला डोळे मिटून कड्यावरून उडी घ्यायला लावणारा गुरू हाच येथे खलपुरुष आहे, हेही विसरू नये. माझ्या मते चित्रपटाला बळाचा मोह आहे, पण आंधळ्या आज्ञापालनाची घृणाही आहे. या दोहोंचा मेळ त्याला घालता आलेला नाही.

१५. आम्ही वारकरी घरातले. नायक देवाला शिव्या देतो, हे नास्तिकपण समजावे का?

हा प्रश्न नंदगडहून आला आणि मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. शेवटच्या लढाईआधी नायक आयुष्यात प्रथमच आपल्या क्रोम या देवाची प्रार्थना करतो. दोघे अनेकांविरुद्ध उभे राहिले एवढे लक्षात ठेव, मला सूड दे, आणि ऐकणार नसशील तर खड्ड्यात जा, असा तिचा आशय आहे. ऐकताना आपल्याकडच्या कोणालाही विठ्ठलाला फैलावर घेणारी जनाबाई आठवेल. पण जनाबाईचे भांडण घरच्या माणसाशी आहे. दळण-कांडणात हात लावणाऱ्या देवावरच असे रागावता येते. क्रोम डोंगरात बसलेला, कोणाचेही न ऐकणारा देव आहे आणि नायकाला हे ठाऊक आहे. त्याआधी एका रात्री तो आणि त्याचा दुसरा साथीदार सुबोताई आपापल्या देवांपैकी कोण मोठा यावर वाद घालतात, तेव्हा सुबोताईचा देव सरस ठरतो आणि नायकापाशी उत्तर नसते.

म्हणून याला नास्तिकपण म्हणता येणार नाही. आपुलकीवाचूनची श्रद्धा म्हणता येईल. जड जिभेच्या त्या नटाने (प्रश्न ५) ही प्रार्थना कसलाही आव न आणता म्हटली आहे. आमच्या बैठकीत तोवर पाऊस थांबला होता आणि तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.